तुम्ही विचारलंत म्हणून : मानाचा पाट

आमच्या गच्चीवरून खाली उतरताना माणसं हमखास एक प्रश्न विचारतात. वर असताना नाही विचारत. वर ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी असते, दुर्बिणीला डोळा लावायची घाई असते, तिळाच्या गजकेचा डबा फिरत असतो. खाली चपला शोधताना विचारतात, "एवढं सगळं बघून आपण अगदीच कःपदार्थ आहोत असं नाही का हो वाटत तुम्हाला?" पुण्याहून आलेल्या एका विहीणबाईंनी विचारलं, त्याआधी शेजारच्यांच्या जावयाने, त्याच्याही आधी गॅसचा सिलिंडर वर चढवायला आलेल्या मुलाने, हिंदीत. मी दरवेळी "वाटतं की" म्हणून चहाचं विचारतो. तुम्ही विचारलंत तेव्हाही तेच केलं. पण तुम्ही एक चप्पल पायात घालून तशाच थांबलात आणि म्हणालात, "नाही, खरं सांगा." म्हणून हे.

तुमच्यावर लाडवाचा प्रयोग झाला होता, तो बहुधा जास्त लागला असणार. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंजीतल्या बुंदीच्या लाडवापेक्षा जरा मोठा, दहा सेंटीमीटर व्यासाचा लाडू मी गच्चीच्या एका टोकाला ठेवतो. तो सूर्य. मग पावणेअकरा मीटर मोजून दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, खसखशीचा एक दाणा. ती पृथ्वी. हिमालय, पॅसिफिक महासागर, आमच्या ग्वाल्हेरचं लश्कर, सगळं त्या दाण्यावर. आणि मग विचारतो, आता पुढचा लाडू कुठे ठेवू? कोणी म्हणतं गावातल्या महाराज बाड्यावर, कोणी आग्र्याला. सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या मापाने तो लाडू सुमारे २,९०० किलोमीटरवर येतो. ग्वाल्हेरहून सरळ दक्षिणेला निघालात तर कन्याकुमारी संपेल आणि पुढे समुद्रात आणखी आठ-नऊशे किलोमीटर जावं लागेल. मधे काहीही नाही. आणि असे किमान शंभर अब्ज लाडू एकट्या आपल्या आकाशगंगेत. इथे लोक गप्प होतात. माझी नात तेवढ्यात सूर्य खाऊन टाकते.

आता तुमचं उत्तर. नाही, मला कःपदार्थ वाटत नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. लांबच्याने केलेला अपमान लागत नाही, एवढंच आहे ते.

आमच्या घराण्यात एक आजोबा होऊन गेले, आजोबांचे चुलतभाऊ. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना त्या काळी दरबाराचं वारं लागलेलं होतं. कोण कुठे बसणार, अत्तर आधी कुणाला, विडा कुणाच्या हातून, हे सगळं ठरलेलं. एका लग्नात या आजोबांच्या पाटाभोवती रांगोळी नव्हती. ते ताटावरून उठले आणि तडक घरी आले. कोणीतरी समजूत काढायला येईल म्हणून रात्रभर दिवा लावून बसले. कोणी आलं नाही. कारण ते उठून गेल्याचं त्या गर्दीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ही गोष्ट आमच्याकडे दर लग्नात सांगतात, जिलबी वाढताना.

विज्ञानाची गोष्टसुद्धा आपल्याला अशीच, पाटाची म्हणून सांगितलेली असते. माणूस विश्वाच्या मधोमध मानाच्या पाटावर बसला होता, १५४३मध्ये कोपर्निकसने तो पाट काढून घेतला, १८५९मध्ये डार्विनने पंगतीत शेजारी माकड आणून बसवलं, आणि माणूस रुसला. मीही वर्गात अशीच सांगायचो. सांगायला सोपी, मुलं हसतात. पण त्यात एक गडबड आहे. कोपर्निकसच्या आधीच्या युरोपात विश्वाचं केंद्र ही मानाची जागा नव्हतीच. उलट होतं. चंद्राच्या वरचं सगळं शुद्ध, अविनाशी. चंद्राच्या खाली सडणं, मरणं, चिखल. जड आणि हीन ते सगळं तळाला, म्हणजे मध्यभागी, येऊन साचतं अशी समजूत. नरकसुद्धा पृथ्वीच्या पोटात. गॅलिलिओने १६१०मध्ये दुर्बिणीतून पाहिलेलं छापलं, तेव्हा त्याने पृथ्वीची बाजूच घेतली होती: तीही चंद्रासारखी प्रकाश परतवते, ती काही विश्वातला गाळ साचण्याची जागा नाही. म्हणजे ज्याला आपण पाट समजतो ती मोरी होती, आणि या मंडळींनी आपल्याला तिथून उठवून ग्रहांच्या पंगतीत आणून बसवलं. पाट काढून घेतल्याची गोष्ट लोक नंतर रंगवून सांगायला लागले.

ती सगळ्यांत झोकात सांगितली फ्रॉइडने, १९१७मध्ये. माणसाच्या आत्मप्रौढीला विज्ञानाने तीन तडाखे दिले, म्हणाला. पहिला कोपर्निकसचा, दुसरा डार्विनचा. आणि तिसरा? मनोविश्लेषणाचा. म्हणजे खुद्द त्याचाच. माणसाचा अहंकार कुणी मोडला त्याच्या यादीत स्वतःचं नाव घालायचं, याला छाती लागते. पण त्या तिसऱ्या तडाख्याचं त्याने केलेलं वर्णन मी विसरलो नाही: 'मी' हा स्वतःच्या घरातसुद्धा मालक नाही. त्याकडे येतो.

आमच्याकडचे लोक इथे लगेच आर्यभट काढतात. काढावा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, इसवी सन ४९९मध्ये, त्याने सांगितलं की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. पुढे ब्रह्मगुप्तासारख्या थोर गणितज्ञाने त्याच्यावर टीका केली, हेही सांगावं. पण सांगणाऱ्याचा सूर बघा. पृथ्वी फिरते याचा आनंद कमी, आणि आमच्याकडे हजार वर्षं आधी कळलं होतं याचाच जास्त. पृथ्वी हलली तरी चालेल, आमचा पाट हलता कामा नये.

मी हसत नाही त्यांना. माझं शून्याचं प्रकरण आठवतं.

तुम्ही किल्ल्यावर गेलात तेव्हा चतुर्भुज मंदिर बहुधा राहूनच गेलं असेल. सगळे मानमंदिर महालाच्या घाईत असतात. चढावरच, एका अखंड खडकातून कोरलेलं लहानसं देऊळ आहे. तिथल्या शिलालेखावर संवत ९३३ म्हणजे इसवी सन ८७६ आहे. लेख कसला आहे? देवाच्या बागेचा. बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. त्या २७०मध्ये आणि ५०मध्ये एकेक छोटं वर्तुळ आहे. शून्य. आपण आज काढतो तसंच, फक्त जरासं बारकं. दर वर्षी अकरावीचा वर्ग घेऊन मी तो चढ चढायचो, धापा टाकत बोट दाखवायचो आणि म्हणायचो, "जगातलं पहिलं लिहिलेलं शून्य. आपल्या गावात." एकदा एका मुलीने विचारलं, "सर, ये फूलों का हिसाब है?" हो, फुलांचाच हिशेब. ब्रह्मांडाचं काही नाही त्यात. मला ते फार आवडायचं.

मग कळलं की कंबोडियात मेकाँगच्या काठी मिळालेल्या एका शिळेवर शक ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, असं वर्ष कोरलेलं आहे, आणि त्यात शून्यासाठी ठळक ठिपका आहे. सेदेस नावाच्या फ्रेंच विद्वानाने १९३१मध्येच ते दाखवून दिलं होतं. नंतरच्या यादवीत शिळा हरवली, २०१३मध्ये पुन्हा सापडली. म्हणजे मी शिकवायला लागायच्या कितीतरी आधीच हे कळलेलं होतं, आणि मी दर वर्षी चुकीचं सांगत होतो. बरं, शिळा शक वर्षाची, आकडे आपल्याच पद्धतीचे. वंशावळ काढली तर नातं निघतंच. तरीही ते वर्ष मी मुलांना किल्ल्यावर नेलं नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. जो माणूस पृथ्वीला खसखस म्हणताना पापणी हलवत नाही, तो १९३ वर्षांसाठी रुसून बसला.

त्यानंतर माझं या प्रश्नाबद्दलचं मत बदललं. देवयानी तारकाविश्व पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे, आज माझ्या डोळ्यात शिरणारा उजेड तिथून निघाला त्या वेळी माणूस नावाचा प्राणी झालेलाच नव्हता, हे मी कोरड्या आवाजात सांगतो आणि गजक खातो. माणसात जनुकं जेमतेम वीस हजार निघाली, एक मिलिमीटरच्या एका गोलकृमीत जवळजवळ तेवढीच, आणि तांदळात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. हे वाचून मी वरणभात कालवताना भाताला नमस्कार केला, बस्स. हे सगळं माणूसजातीबद्दल असतं. माणूसजातीचा अपमान मला एकट्याला कशाला लागेल?

लागला तो एक कागद. पॅथॉलॉजीचा.

निवृत्तीच्या आधीची दोनेक वर्षं मी फार तापट झालो होतो. घरात सगळे म्हणायचे, आजोबांच्या चुलतभावावर गेला. मला आतून ते आवडायचं. मी त्याला तत्त्वनिष्ठा म्हणायचो. त्याच काळात माझा धाकटा भाऊ इंदूरहून आला आणि म्हणाला, दादा, वाड्यातला आपला भाग विकून टाकू, छत कोसळायला आलंय. मी त्याला चार पानी पत्र लिहिलं. फोन नाही, पत्र. त्यात पूर्वज होते, तुळशीवृंदावन होतं, आणि तू कधीच या घराचा नव्हतास असं एक वाक्य होतं. त्याने उत्तर दिलं नाही. दोन दिवाळ्या तो आला नाही.

त्याच हिवाळ्यात शनी नाचायला लागला. म्हणजे मी फोकस फिरवायला हात लावला की तो भिंगात थरथरायचा. मी स्टँडला दोष दिला, नवा आणला. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, स्टँड ठीक है, आपका हाथ हिल रहा है." वजन सात किलो उतरलं होतं, पंखा फुल ठेवून थंडीत झोपत होतो. रक्त तपासलं. थायरॉइड बेफाम चाललेली, आणि तिला काम सांगणारं संप्रेरक, टी.एस.एच., जवळजवळ शून्य. पुन्हा शून्यच. डॉक्टरांनी थायरॉइडला आवर घालणारी गोळी, कार्बिमाझोल, लिहून दिली आणि सहज विचारलं, "चिडचिड होते का फार?" बायको माझ्याकडे बघत राहिली.

दीड-दोन महिन्यांत हात थांबला. शनी जागेवर आला. आणि राग गेला. गेला म्हणजे, शोधला तरी सापडेना. संध्याकाळी वाड्यात जाऊन त्या तुळशीवृंदावनासमोर उभा राहिलो, मुद्दाम, भावाचं वाक्य आठवून पाहिलं. काहीच पेटलं नाही. छत खरंच कोसळायला आलं होतं. पत्राची एक प्रत मी ठेवली होती, तत्त्वनिष्ठ माणसं ठेवतात. ती काढून वाचली. प्रत्येक ओळीतलं अक्षर थरथरलेलं होतं. गळ्यातल्या फुलपाखराएवढ्या ग्रंथीने लिहिलेलं पत्र, खाली सही माझी.

हे मला लागलं. शंभर अब्ज लाडवांनी जे केलं नाही ते या कागदाने केलं. विश्वात मी मधोमध नाही हे चालतं हो. पण माझ्या रागातसुद्धा मी नव्हतो? मग त्याआधीच्या पन्नासेक वर्षांतलं माझं काय काय होतं? मुलाला मारलेली थोबाडीत कुणाची? कमिटीपुढे हेडमास्तरांशी भांडलो, ते लोक अजून कौतुकाने सांगतात, ते कुणाचं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "ते सगळं तुमचंच. शेवटची दोन वर्षं फक्त थायरॉइडची. मला फरक कळतो." तिला कळतो, याचा मला अजून आधार वाटतो. मला स्वतःला कळत नाही.

भावाला फोन केला. रिपोर्ट, गोळी, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, पत्रातलं ते वाक्य गोळीने गेलं का?" मी म्हटलं, नाही रे, लिहिलेलं ते लिहिलेलं. "बरं," म्हणाला, "मग येतो."

दिवाळीला आला. रात्री गच्चीवर नेलं, शनी लावून दिला. डोळा लावल्याबरोबर इतर सगळे म्हणतात तेच म्हणाला, "आत चित्र चिकटवलंयस." मग खूप वेळ बघत राहिला. मी देवयानी दाखवली, लाडवाचं सांगितलं. दिवाळी असून नेमका लाडू नव्हता, अनारसा ठेवला सूर्य म्हणून. तो ऐकत होता. जिना उतरताना मी वाट बघत होतो, आता विचारेल, कःपदार्थ वाटत नाही का म्हणून. त्याने चपला घातल्या आणि म्हणाला, "वाड्याचं गिऱ्हाईक जाऊ दिलंस तू. आता निम्मीसुद्धा किंमत यायची नाही."

मला राग आला. चांगलाच आला, कानशिलं तापली. सकाळची गोळी घेतलेली होती.