कौल कारखान्यातलं घुबड : चोर रिसीव्हरच निघाला

सापडला एकदाचा! खानापूरजवळच्या त्या बंद कौल कारखान्यात भट्टीच्या भोकासमोर घुबडाच्या फोटोसाठी लावलेला आयआर बीम (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण, तो तुटला की कॅमेरा आपोआप फोटो काढतो) रात्रभर आपोआप का तुटतोय ते कळलं. मागच्या वेळी रडलो होतो ना, सकाळी कार्ड बघावं तर नुसती रिकामी भिंत, फ्लॅशचे सेल खलास, आणि गव्हाणी घुबड निवांत येऊन जेवून गेलेलं, खाली उंदराच्या हाडाकेसांची ताजी गोळी.

संशय सगळ्यांवर घेऊन झाला. कोळ्याचं जाळं, दव, वटवाघळं, भिंतीतनं लोंबणारी उंबराची मुळं. पीआयआर (अंगाची उष्णता ओळखणारा सेन्सर) तर आधीच बाद केलेला, त्याला प्राणी आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरक लागतो, आणि दिवसभर तापलेल्या त्या विटा लवकर गार होतच नाहीत. शेवटी चोर निघाला टीएसओपी 1738, म्हणजे बीम पकडणारा रिसीव्हर. तो बिचारा टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेला, त्याला 38 किलोहर्ट्झचे तुटक बर्स्ट (मध्ये थांबत मारलेले झटके) पाहिजेत, सलग बीम मारला की ट्यूबलाइटचा वगैरे त्रास समजून स्वतःच सिग्नल दाबून टाकतो आणि कॅमेऱ्याला वाटतं बीम तुटला. घरी टेबलावर अंतर कमी, सिग्नल जोरात, म्हणून तिथं शहाण्यासारखा चालायचा! बीम चालवणाऱ्या आर्ड्विनोच्या (छोटं प्रोग्रॅम करायचं बोर्ड) कोडमध्ये बर्स्ट आणि गॅप टाकला, विषय संपला. सुटा एलईडी-रिसीव्हर खडेबाजारातनं घेतलेला बरा, ऑनलाइनच्या तयार मॉड्यूलमध्ये आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं.

मग नुसती शेपटी यायला लागली. जुन्या कॅमेरा बॉडीचा लॅग (बीम तुटल्यापासून फोटो निघेपर्यंतचा उशीर) सेकंदाचा दहावा भाग धरा, घुबड सेकंदाला 5 मीटर उडालं तरी अर्धा मीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून बीम भोकाच्या अर्धा मीटर अलीकडं घेतला आणि हाफ-प्रेसची वायर कायम शॉर्ट ठेवली (म्हणजे शटरचं बटण अर्धं दाबल्यासारखं, कॅमेरा तयारच राहतो; बॅटरी खातंय, खाऊदे). आणि आली की फ्रेम! पंख पूर्ण उघडे, चोचीत उंदीर, मागं शेवाळलेल्या कौलांची चळत, फ्लॅश एकदम कमी पॉवरवर. झूम करून करून बघतोय अजून.

तेवढ्यात वॉचमन मामा म्हणाले, "आत फुसफुसतंय काहीतरी, साप हाय काय बघा." साप कसला, पिल्लं आहेत ती, गव्हाणीची पिल्लं भूक लागली की अशीच फुसफुसतात. म्हणजे फ्लॅश आजपासून बंद, पिल्लं उडेपर्यंत भट्टीकडं फिरकायचंसुद्धा नाही. नंतर फ्लॅशऐवजी 940 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी लावीन, 850 वाले अंधारात लालसर दिसतात.

खरं तर आता हिडकल धरणावर जायचं ठरवत होतो, शिमग्यानंतर पाणी उतरत गेलं की त्यात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बाहेर यायला लागतं. पण हे लिहिताना सुचतंय, तोच बीम तिथल्या खांबांमध्ये लावला तर? धोबी पक्षी, पाकोळ्या काहीतरी घुसेलच. फक्त दिवसाच्या उन्हात टीएसओपी कितपत टिकतो बघायला पाहिजे, रिसीव्हरवर काळी नळी चढवून आधी गच्चीवर करून बघतो. आणि कुणाकडं आयआर कन्व्हर्ट केलेली (इन्फ्रारेड उजेडात फोटो काढणारी) बॉडी पडून असली तर सांगा, बेळगावात असाल तर येऊन घेऊन जातो.