पांढरी दोन, काळी दोन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. कार्यक्रम संपला की कोणीतरी विचारतंच, ‘तुम्ही पेटीवर साथ करणाऱ्या, मग जॅझ कशाला ऐकता, त्याने हात बिघडत नाही का?’ नाही बिघडत. उलट माझा हात म्हणजे काय, ते मला तिथेच कळलं.

मी गिरगावातली. लहानपणी भजनाला पेटी धरली, मग नाट्यसंगीत, मग ठुमरी. सुरुवातीलाच एका गायकांनी बजावलं होतं, पेटी सावलीसारखी पाहिजे, वेगळी ऐकू आली नाही पाहिजे. ते मी इतकं मनावर घेतलं की पंधरा वर्षं नुसती मागून मागून गेले, गायकाने जागा, म्हणजे सुरांचं एखादं खास वळण, घेतली की तीच जागा, हरकत घेतली की तीच हरकत, आणि घरी एकटी पेटी घेऊन बसले की काय वाजवायचं तेच सुचायचं नाही, कारण समोर कोणी गात नसायचं. हे फार लागायचं मला.

मग एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, वाजवणारे गोव्याचे काका भेटले, तरुणपणी धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिघरात, राहिलेले. त्यांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डमधलं, आणि खाली लिहिलं, ‘पहिल्या अर्ध्या मिनिटात काही झालं नाही म्हणून बंद करू नकोस.’ लोकलमध्ये दोनदा ऐकलं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडेना, सोडून दिलं. तिसऱ्यांदा रात्री हेडफोन लावून ऐकलं. आधी पियानो आणि बास, लय न धरता, आलापासारखे. आणि मग मुखडा चक्क बास घेतो! पॉल चेंबर्स. त्याने एक ओळ म्हणायची आणि पियानोने दोन कॉर्डचं उत्तर द्यायचं, पुढे तेच उत्तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन देतात. म्हणजे जो एरवी मागे उभा राहून आधार देतो तोच बोलतोय आणि बाकीचे त्याला हुंकार देतायत. मी उठून बसले.

रात्रीच पेटी काढली, भाता हळू, शेजारी झोपलेले. पांढरी दोनला, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला तर एकही काळी पट्टी लागत नाही, सरळ काफी थाट, कोमल गंधार, कोमल निषाद. एक फेरी बत्तीस बारची, बारला चार मात्रा, म्हणजे सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तनं. पहिली चार पांढरी दोनवर, मग दोन काळी दोनवर, मग दोन परत पांढरी दोनवर. आपल्याकडे एकदा धरलेला सा शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि इथे अख्खं घर अर्धा सूर वर उचललं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवलं! माइल्सची ट्रम्पेट ऐका, किती कमी सूर आहेत. दोन सुरांमध्ये तो जी जागा सोडतो ती रिकामी वाटतच नाही.

मला हे परकं वाटत होतं, पण परकं कुठलं? लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा जॅझ बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवायला आला होता. पुढे गोव्याचे वादक हॉटेलांतून फिल्मी स्टुडिओत आले, आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे. त्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ सिनेमातल्या गाण्यांवर माझी आई अजून पायाने ठेका धरते. इतकी वर्षं ते घरातच होतं की.

मी जॅझ वाजवत नाही, ठुमरीच वाजवते. पण मागच्या वर्षी पार्ल्याला एका ताईंना साथ करत होते, त्या गंधारावर थांबल्या, आणि सवयीने ती जागा परत घ्यायला बोटं निघाली होती ती मी आवरली, षड्ज पंचम तेवढा धरून ठेवला. त्यांनी वळून बघितलं. मध्यंतरात चहाचा कप घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘मघाशी गप्प का झालीस गं?’ म्हटलं, ‘ताई, तुमचा गंधार अजून वाजत होता.’ त्या काही बोलल्या नाहीत. पण नंतरच्या दादऱ्यात त्यांनी अंतरा संपवला, हात माझ्याकडे केला आणि पुढची चार आवर्तनं मला दिली.