मॉरिशसला घर अदलाबदल करताय? आधी विचारा, घर पठारावर आहे का

निकाल आधीच सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मॉरिशसला सुट्टीपुरतं घर अदलाबदल करून जाणार असाल आणि समोरचं घर मधल्या पठारावरच्या क्यूरपीप किंवा वाकोआ या गावांच्या बाजूला असेल, तर सरळ नाही म्हणा. घर कितीही ऐसपैस असो.

आम्ही मुलुंडचा टू बीएचके दिला आणि तिकडचा बंगला घेतला. जाहिरातीत लख्ख ऊन, हिरवळ आणि 'समुद्र पंचवीस मिनिटांवर'. मुंबईच्या पावसाला कंटाळून गेलो आणि उतरलो ते थेट झिमझिमीत. क्यूरपीप साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, पश्चिम किनाऱ्यावर १००० सुद्धा नाही. किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश थंडी जास्त. घरात हीटर नाही, फरशी बर्फासारखी, उशांना कुबट वास. मोजे शेवटी इस्त्रीने वाळवले. नवऱ्याच्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढली. आणि ती पंचवीस मिनिटं गाडीने, रस्ता मोकळा असेल तर. बसने, मध्ये गाडी बदलून, किनाऱ्याला पोचेपर्यंत अर्धी सकाळ जाते, आणि संध्याकाळी साडेसहा-सातनंतर बस विरळ होतात. टॅक्सीवाला मीटर लावत नाही. बसायच्या आधी भाडं ठरवा. तिथला रुपया आपल्यापेक्षा महाग आहे, हे घासाघीस करताना डोक्यात राहू द्या.

आता गरम पाणी. तिकडे पुष्कळ घरांच्या छतावर सोलर हीटर असतो. ढग असले की टाकी तापत नाही, आणि थोडीफार तापली तरी रात्रभरात निवते. म्हणजे आपली सकाळी उठून आंघोळ करायची सवय तिथे कामाची नाही. दुपारी चार-पाचला आंघोळ उरका. टाकीत विजेवर चालणारी कॉइलही असते. तिचं बटण कुठे आहे हे मालकाने लिहून ठेवलेल्या चार पानी सूचनांमध्ये नव्हतं. गुलाबांना पाणी किती घालायचं ते मात्र होतं! बटण दाखवलं शेजारच्या आजींनी. ते मागच्या मोरीत, कपडे धुवायच्या मशीनच्या पाठीमागे होतं. आजींचे पूर्वज रत्नागिरीकडचे. घरात सगळं बोलणं क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, पण गणपतीची आरती तोंडपाठ. माझ्याशी हिंदीत बोलल्या, "बेटी, ठंडे पानी से मत नहाना," आणि स्वतःच येऊन बटण लावून गेल्या.

परत आल्यावर मालकाचा निरोप आला: विजेचं बिल जास्त आलंय, फरक पाठवा. इकडे आमच्या घरी त्यांनी दोन्ही एसी अहोरात्र चालवले होते, त्याबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता. फरक दिला नाही. तुम्ही पोचल्या पोचल्या आणि निघताना मीटरचा फोटो काढा, इकडे मुंबईतही काढा, आणि वीज-गॅस कोणी भरायचं हे जाण्याआधी लेखी ठरवा. सिलिंडर भरलेला आहे का तेही विचारा. तिकडे पाइप गॅस नाही. मालकाची गाडी मिळणार असेल तर विम्यात दुसरा चालक चालतो का ते कागदावर बघा, तोंडी नको.

मुंबईची बाजू लोक विसरतात. परदेशी पाहुणा घरात उतरला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, घरगुती अदलाबदल असली तरी. हे काम इथे राहणाऱ्या भावाकडे किंवा मेहुण्याकडे सोपवून ठेवा. सेक्रेटरीला आधी पत्र द्या, नाहीतर वॉचमन गेटवर अडवतो आणि फोन तुम्हाला समुद्रावर येतो. पाण्याची वेळ, गॅसचा मेन कॉक, बाईची सुट्टी, कचऱ्याचे दोन डबे, सगळं इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवा.

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण विमानतळावर कुठे राहणार ते विचारतात. हॉटेलचं बुकिंग नसतं, म्हणून मालकाचं सही केलेलं पत्र, पत्ता आणि फोन नंबर छापून न्या. प्लगला चौकोनी तीन पिनांचे अॅडॉप्टर लागतात. खाडीसारखं शांत पाणी दिसलं तरी पायात रबरी बूट घाला. तळाशी समुद्री साळिंदर (काटेरी गोळ्यासारखा सी अर्चिन) आणि दगडमासा (विषारी काट्यांचा स्टोनफिश) असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-अँ-फ्लाकचा समुद्र छान होता, डाळपुरी त्याहून छान.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर माझा निकाल उलटा करा: किनारा तापलेला असतो तेव्हा पठारावरचं घर सुखाचं. फक्त नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम असतो. इशारे १ ते ४ अशा वर्गांत देतात. ३ ऐकला की घर गाठा, ४ ला दाराबाहेर पाऊल नको. खिडक्यांच्या फळ्या, टॉर्च आणि पाण्याचे कॅन कुठे ठेवलेत, हे मालकाला व्हिडिओ कॉलवर दाखवायला लावा.