नवी जागा, रिकामे ड्रॉवर

सोमवार, रात्र

खिडकीजवळचं टेबल मिळालं म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रत्यक्षात खिडकी पाठीमागे येत होती. दुपार कलली की ऊन थेट स्क्रीनवर, आणि एक्सेलच्या रकान्यांऐवजी माझाच चेहरा दिसायचा. खिडकी समोर घेतली तरी डोळे दिपणार. ती बाजूला हवी. टेबल फिरवायचं म्हटल्यावर इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "मॅडम, फिरवा खुशाल, पण वायर पुरणार नाही." ऑफिसातल्या बहुतेक टेबलांची जागा माणसं नाही, प्लगचं सॉकेट ठरवतं! शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड आला, वायरी टेबलाच्या पायाला बांधून झाल्या आणि टेबल फिरलं.

मग खुर्ची. टेबलं साधारण ७३ ते ७५ सेंटीमीटर उंचीची असतात आणि ती माझ्यासारख्या बुटक्यांचा विचार करून बनवलेली नसतात. कोपर काटकोनात यावं म्हणून खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात, खाली घेतली तर खांदे कानाला टेकतात. सध्या पायांखाली ए-फोर रिमचा भरलेला खोका आहे. लॅपटॉपचं त्रांगडं वेगळंच. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावा तर कीबोर्ड हनुवटीपाशी येतो, कीबोर्ड नीट ठेवावा तर मान खाली जाते. वेगळा कीबोर्ड मागून घेतला आणि लॅपटॉप चढवला जाड फायलींवर. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर.

खिडकीचा खरा उपयोग त्यानंतर कळला. डोळ्यांचे डॉक्टर सांगतात ना, दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. जुन्या जागेवर २० फुटांत भिंतच यायची.

ड्रॉवरमध्ये आधीच्या कुणाचा तरी संसार निघाला: सुकलेली पेनं, गंजलेल्या टाचण्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली. टाचण्या टाकल्या. किल्ली मात्र टाकवेना. उद्या नेमकं तेच कुलूप समोर यायचं.

माझे ड्रॉवर मी मुद्दाम रिकामे ठेवलेत. पहिल्याच दिवशी प्रत्येक वस्तूची जागा ठरवून लेबलं चिकटवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण पटत नाही. कुठली वस्तू किती लागते हे काम सुरू झाल्याशिवाय कळतंय कुठे? त्यापेक्षा नोगुची पद्धत बरी. युकिओ नोगुची हे जपानी अर्थतज्ज्ञ. विषयवार वर्गवारी करायचीच नाही, कागद मोठ्या पाकिटांत घालून फळीवर उभे लावायचे आणि वापरलेलं पाकीट परत ठेवताना डाव्या टोकाला ठेवायचं, एवढंच. रोजचं आपोआप डावीकडे जमतं, महिनोन्‌महिने न लागलेलं उजवीकडे सरकत जातं. काय जपायचं आणि काय टाकायचं ते फक्त उजव्या टोकाला बघायचं. करारपत्रांसारखे, क्वचित लागणारे पण हरवून न चालणारे कागद तेवढे मी वेगळ्या फायलीत ठेवलेत.

ड्रॉवरमध्येही तेच करतेय. सगळं सामान एका खोक्यात, आणि जे बाहेर काढावं लागेल तेच ड्रॉवरमध्ये जाईल. आतापर्यंत चार्जर, कात्री आणि पंच गेलाय. स्टेपलर अजून खोक्यातच आहे, याचं मलाच नवल वाटतंय.

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "काय गं, अजून सामान लावलं नाहीस?"

"लावतेय की," म्हटलं.