आवक वाढली की रेंजही वाढली पाहिजे

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी हिशोब सांभाळते. आज किती ओळी भराव्या लागतील, हे आदल्या रात्री कुणीच सांगू शकत नाही. माळशेज घाट बंद झाला की ओतूर-जुन्नरचा माल तुरळक येतो आणि रस्ता मोकळा झाला की सगळ्या गाड्या एकदम. अशा धंद्यात एक्सेलच्या शीटवर ‘जी २ ते जी ५००’ अशा ठरावीक खान्यांची, म्हणजे पक्क्या रेंजची, बेरीज लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

आधीच्या मेहताजींची फाइल अशीच होती. मोसमात पाचशेच्या पुढे नोंदी गेल्या की शेठ विचारायचे, "ताई, गोण्या उतरल्या जास्त आणि कागदावर कमी कशा?" पंचाईत अशी की एक्सेल इथे कुठलीही तक्रार करत नाही. बेरीज येते, रुबाबात येते, फक्त अपुरी येते.

पहिला इलाज टेबल. माहितीत कुठेही क्लिक करून कंट्रोल-टी दाबायचं आणि टेबलाला ‘आवक’ असं नाव द्यायचं. मग बेरजेत ओळींचे नंबर नकोत, टेबलाचं नाव आणि रकान्याचं नाव पुरतं. शेवटच्या ओळीखाली नवं वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाची नोंद, टाइप केलं की टेबल खाली सरकतं. त्यावरची बेरीज आणि चार्टही सोबत वाढतात. हे एक्सेल २००७ पासून आहे, तरी शेजारच्या गाळ्यांवर अजून हाताने रेंज ओढणारे भेटतात.

टेबलाच्या दोन खोड्या सांगते. शीट लॉक केलं की टेबल वाढायचं थांबतं. कुणी फॉर्म्युला बिघडवू नये म्हणून पासवर्ड लावणाऱ्यांची इथेच गोची होते. आणि तळाशी ‘एकूण’ची ओळ असली की तिच्याखाली लिहिलेलं टेबलात जात नाही, शेवटच्या खान्यात टॅब दाबून नवी ओळ काढावी लागते. मी एकूण वरच ठेवते, शीर्षकाच्याही वर. शेठना तेवढंच बघायचं असतं.

टेबल जमत नसेल तिथे नाव दिलेली रेंज. कंट्रोल-एफ ३ ने नेम मॅनेजर उघडायचा आणि रेंजची सुरुवात पक्की ठेवून शेवट इंडेक्स या फंक्शनकडून काढून घ्यायचा: काउंटए हे फंक्शन रकान्यातले भरलेले खाने मोजतो आणि इंडेक्स तितक्याव्या खान्यावर बोट ठेवतो. ऑफसेट या फंक्शननेही हेच होतं, पण फाइलमध्ये कुठेही काही बदललं की ऑफसेट नव्याने गणित करत बसतो. मोठ्या फाइलमध्ये ते जाणवतं. मी तो वापरत नाही.

खरी मेख मात्र कुठला रकाना मोजायचा यात आहे. भावाचा रकाना कधीच नको. गाडी पहाटे उतरते, भाव सौदा झाल्यावर कळतो. तोवर मधले खाने रिकामे. चार रिकामे असले की रेंज चार ओळी आधीच संपते, आणि कापले जातात ते तळाचे, म्हणजे नुकतेच आलेले शेतकरी. मोजायचा तो पावती नंबर, कारण त्याशिवाय आमच्याकडे ओळ सुरूच होत नाही. त्या रकान्यात फॉर्म्युले खालपर्यंत ओढून ठेवले असतील तर तोही बाद, कारण दिसायला रिकामा असलेला फॉर्म्युलाही काउंटए मोजतो.

मोजायला भावाशिवाय दुसरा रकानाच नसेल, तर काउंटएच्या जागी मॅच हे शोधणारं फंक्शन घ्यायचं आणि त्याला कधीच येणार नाही असा अगडबंब आकडा अंदाजे जुळणीने शोधायला लावायचा. तो सापडत नाही आणि मॅच शेवटच्या आकड्यावर थांबतो, मधली भोकं कितीही असोत.

घरच्या लॅपटॉपवर एक्सेल ३६५ आहे. तिथे शेतकऱ्यांच्या नावांची, एकेक नाव एकदाच येईल अशी यादी युनिक हा फॉर्म्युला स्वतःच काढतो आणि नवं नाव आलं की वाढवतो. फक्त हा फॉर्म्युला टेबलाच्या आत चालत नाही, बाहेर मोकळ्या जागेत लिहायचा. गाळ्यावरच्या जुन्या मशीनवर हे काहीच नाही, म्हणून तिथे इंडेक्सवरच भागवते.

गाळ्यावरच्या मशीनवर पिव्होट, म्हणजे सारांशाचा तक्ता, टेबलावर बांधला तरी रिफ्रेश केल्याशिवाय नवी आवक दाखवत नाही. फाइल उघडताना रिफ्रेश व्हावा असा पर्याय पिव्होटच्या ऑप्शन्समध्ये आहे; तो मी चालू ठेवते. शेठना बटण दाखवलं होतं. ते अजूनही फोन करूनच विचारतात.