एक कॅरेट आणि साडेसहा मिलिमीटर

गेल्या वर्षी पुतणीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी मी तिच्याबरोबर एका सराफी पेढीत गेलो होतो. विक्रेत्याने काळ्या मखमलीवर दोन गोल हिरे मांडले. पहिला १.०१ कॅरेटचा, रंग ‘ई’, शुद्धता ‘व्हीव्हीएस २’, दुसरा ०.९० कॅरेटचा, रंग ‘जी’, शुद्धता ‘व्हीएस १’. कॅरेट हे हिऱ्याच्या वजनाचे माप, आणि रंग व शुद्धता या दोन्हींत पहिला हिरा वरच्या श्रेणीचा. पहिल्याची किंमत अर्थातच बरीच जास्त होती आणि विक्रेत्याचा सगळा भर त्याच्या रंगावर आणि शुद्धतेवर होता. छतातल्या बारीक दिव्यांच्या झोतात दोन्ही हिरे सारखेच लखलखत होते. पण तशा प्रकाशात काचेचा खडाही लखलखतो. म्हणून आम्ही परवानगी घेऊन दोन्ही हिरे चिमट्यात धरून खिडकीपाशी नेले. उजेडात पुतणीने दोन-तीनदा हिरे आलटून-पालटून पाहिले आणि म्हणाली, “काका, लहान हिरा मोठा कसा काय दिसतोय?”

तिचा डोळा तिला फसवत नव्हता. ०.९० कॅरेटच्या हिऱ्याचा व्यास ६.३ मिलिमीटर होता आणि १.०१ कॅरेटचा ६.२. नीट घडवलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. मग पहिल्या हिऱ्याचे वजन गेले कुठे? ते खाली, पोटात गेले होते. प्रमाणपत्रावर त्याची एकूण खोली व्यासाच्या ६६.२ टक्के होती, गर्डल, म्हणजे हिऱ्याचा कडेचा पट्टा, ‘थिक’, म्हणजे जाड, म्हणून नोंदला होता आणि खालच्या भागाचा, पॅव्हिलियनचा, कोन ४२.८ अंश होता. अंगठीत बसवल्यावर जे कोणालाही दिसणार नाही, त्या भागाचे पैसे आम्ही मोजणार होतो. शिवाय त्या हिऱ्याच्या मध्यभागी एक करडी, विझल्यासारखी चकती दिसत होती.

ही चकती येते कुठून, हे शाळेत शिकलेल्या प्रकाशाच्या धड्यातूनच कळते. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे, त्यामुळे त्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंशांचा भरतो. आतून पैलूवर याहून अधिक तिरका पडलेला किरण बाहेर न निसटता पूर्णपणे परावर्तित होतो. मार्सेल टोल्कोव्स्की या अँटवर्पच्या हिरेकारागिरांच्या घराण्यातील अभियंत्याने १९१९ साली गोल ब्रिलियंट या गोल हिऱ्याच्या रूढ घाटाचे गणित मांडले, त्यात पॅव्हिलियनचा कोन ४०.७५ अंश, वरच्या क्राऊनचा ३४.५ अंश आणि माथ्यावरचे सपाट टेबल व्यासाच्या ५३ टक्के धरले होते. अशा हिऱ्यात टेबलमधून सरळ खाली उतरलेला किरण पहिल्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आणि समोरच्या पैलूवर सुमारे ५८ अंशांनी आपटतो, दोन्हीकडे अडतो आणि टेबलमधूनच बाहेर पडताना लंबापासून सुमारे ४५ अंश तिरका जातो. हाच मार्ग उलटा वाचला, की वरून सरळ पाहणाऱ्या डोळ्याकडे येणारा प्रकाश बाजूने, खिडकीतून किंवा छताच्या कोपऱ्यातून आलेला असतो, हे लक्षात येते. आमच्या पहिल्या हिऱ्याच्या ४२.८ अंशांच्या पॅव्हिलियनमध्ये हा ४५ अंशांचा तिरकेपणा २२ अंशांवर येतो. म्हणजे हिरा जिथून प्रकाश मागतो, तिथे पाहणाऱ्याचे डोकेच आडवे आलेले असते. ती करडी चकती म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याच डोक्याची सावली. पॅव्हिलियन फारच उथळ झाले तर दुसरी खोड निघते: टेबलच्या आत गर्डलचे प्रतिबिंब माशाच्या डोळ्यासारखे पांढुरके कडे होऊन दिसते.

एवढे सगळे ठाऊक असताना हिरा असा का घडवला जातो, याचे उत्तर कारागिराच्या कौशल्यात नसून तराजूत आहे. कच्च्या हिऱ्यातून गोल ब्रिलियंट काढताना निम्म्याहून अधिक वजनाची भुकटी होणे नवीन नाही, आणि एक कॅरेटची रेषा ओलांडली की दर कॅरेटमागचा भाव एकदम वर उडी घेतो. मग ०.९० कॅरेटचा तेजस्वी हिरा काढण्याऐवजी पोट फुगवून १.०१ कॅरेट राखण्याचा मोह कोणाला होणार नाही? सुरतेच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. ‘एक कॅरेटच हवा’ हा हट्ट आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा असतो.

वजन की तेज, हे भांडण जुने आहे. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला मानला जाणारा नासक हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती गेला. लंडनमध्ये त्याला नव्याने पैलू पाडताना मूळ घाट शक्य तितका राखला गेला आणि वजनाचा सुमारे आठवा हिस्सा गेला. १९४० मध्ये अमेरिकी जवाहिर हॅरी विन्स्टन यांनी मात्र तो पुन्हा घडवून चौकोनी एमराल्ड घाटाचा ४३.३८ कॅरेटचा केला. वजनावर जीव असणाऱ्याला हे ऐकवणार नाही. त्याच्याआधी, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोहिनूर पाहून लोक ‘यात तेज कुठे आहे’ म्हणत हिरमुसले होते, आणि पुढच्याच वर्षी त्याचे वजन सुमारे १९१ कॅरेटवरून १०५.६ वर आणले गेले.

आता प्रमाणपत्राकडे वळतो. अमेरिकेची जीआयए ही हिरे पारखणारी संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यांच्या घडणीला एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर असे पाच दर्जे देते. त्यासाठी उजळपणा, रंगांची झाक, हालचालीतील लुकलुक, वजनाचे प्रमाण, टिकाऊपणा, पॉलिश आणि सममिती असे सात घटक तपासले जातात, आणि ढोबळमानाने त्यांतला सर्वांत कमी दर्जा हाच अंतिम निकाल ठरतो. एका विषयाने घात केला की बाकीचे सहा सावरत नाहीत. आमच्या १.०१ कॅरेटच्या हिऱ्याला ‘गुड’ मिळाला होता. प्रगतिपुस्तकात ‘गुड’ पाहून आपण पेढे वाटतो, पण इथे तो पाचांतला तिसरा क्रमांक आहे, हे विक्रेत्याने सांगितले नाही.

‘एक्सलंट’ पाहूनही डोळे मिटू नयेत. त्या दर्जात पॅव्हिलियनचा कोन साधारण ४०.६ ते ४१.८ आणि क्राऊनचा ३१.५ ते ३६.५ अंशांपर्यंत सामावतो. दोन्ही वरच्या टोकाकडे झुकले असतील, तर टेबलच्या कडेखाली प्रकाश गळून एक मंद कडे दिसू शकते. प्रिन्सेस, ओव्हल, पेअर अशा घाटांना तर जीआयएच्या नेहमीच्या अहवालात कटचा, म्हणजे घडणीचा, दर्जाच नसतो, केवळ पॉलिश आणि सममिती असते. तिथे खिडकी आणि आपला डोळा हेच खरे.

रंगाविषयी एक गंमत सांगतो. प्रयोगशाळेत रंग पारखताना हिरा उलटा, टेबल खाली करून ठेवतात, कारण सुलटा ठेवल्यास त्याची चमक रंग झाकते. चांगल्या घडणीच्या हिऱ्यात ‘जी’ रंग ‘ई’शेजारीही सहसा खुपत नाही, तो याचमुळे.

आम्ही ०.९० कॅरेटचाच घेतला. दोन महिन्यांनी पुतणीचा फोन आला, हिरा फिका पडला म्हणून. कणीक मळताना ती अंगठी काढत नव्हती. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, आणि मागच्या पैलूंवर खाद्यतेलाचा थर बसला की २४.४ अंशांची मर्यादा सुमारे ३७ अंशांवर जाऊन एरवी अडणारे बरेच किरण खालून निसटतात. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश घेऊन तिला अंगठीची मागची बाजू घासायला सांगितली. संध्याकाळी तिने खिडकीतल्या उजेडात काढलेला फोटो पाठवला.