करड्या पंखांखालचं लाल अस्तर

मंडळी, तिकडं गणपतीची गडबड सुरू होते, त्या सुमाराला इकडं इंग्लंडात भिंतींवर, खांबांवर एक मोठा पतंग बसलेला दिसतो. रेड अंडरविंग, शास्त्रीय नाव कॅटोकाला नुप्टा. मिटलेला असला की सालीचा ढलपाच. हात जवळ नेला की पुढचे करडे पंख वर सरकतात आणि खालून काळ्या पट्ट्यांचा लालभडक रंग निघतो. नुप्टा म्हणजे लॅटिनमध्ये नवरी!

पण लाल दिसला म्हणजे नुप्टाच, असं नव्हे. मागच्या पंखावरचा मधला काळा पट्टा बघायचा. नुप्टात तो कोपरासारखा वाकतो. त्याची कॅटोकाला भावंडं आहेत: ओकच्या रानातल्या स्पॉन्सात लाल जास्त गडद आणि पट्टा डब्ल्यूसारखा, प्रोमिसात जवळपास सरळ. लालऐवजी निळसर पट्टा असेल तर तो फ्रॅक्सिनी.

वर्षाला पिढी एकच. मादी विलो-पॉप्लरच्या सालीच्या भेगांत अंडी घालते (विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद) आणि हिवाळा अंड्यातच जातो. हौशी लोक ती अंडी घरात उबेला ठेवतात आणि फसतात. पालवी फुटायच्या आधीच सुरवंट बाहेर, खायला काही नाही, सगळे उपाशी मरतात. अंडी बाहेर, थंडीतच ठेवायची. सुरवंट दिवसा फांदीला चिकटून पडतो. त्याच्या दोन्ही कडांना बारीक झालर असते, त्यामुळं अंग आणि फांदी यांच्यामधली सावलीच नाहीशी होते. नजरेनं शोधण्यापेक्षा फांदीवर बोट फिरवलेलं बरं. उन्हाळ्यात कोष, त्यावर जांभळावर असते तशी निळसर भुकटी.

पतंग बोलवायला इथं गोड लेप करतात. अर्धा लिटर काळी बिअर पाच मिनिटं उकळायची, त्यात किलोभर तपकिरी साखर विरघळवायची, साडेचारशे ग्रॅम ट्रीकल (साखरेचा दाट काळा पाक) घालून दोन मिनिटं आटवायचं. निवल्यावर थोडी रम. गरम असताना ओतली तर वास उडून जातो. अंधार पडताना ब्रशनं खोडावर डोळ्यांच्या उंचीला लावायचं. गार, वाऱ्याच्या रात्री कष्ट फुकट.

कोल्हापुरात साखरेला गूळ आणि ट्रीकलला काकवी आहेच. काकवी पातळ, म्हणून जरा जास्त आटवा, नाहीतर लेप ओघळून मुंग्यांचं जेवण होतं. नुप्टा तिथं मिळणार नाही. पण नारिंगी मागच्या पंखांचा, पुढचे पंख वाळक्या पानासारखे असलेला युडोसिमा पतंग येऊ शकतो. तो सोंडेनं पेरू-मोसंबीला भोक पाडतो, म्हणून बागायतदारांचा त्याच्यावर राग. त्याचा सुरवंट गुळवेलीवर शोधा, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात.